मांडवापूर्वीची पाच वर्षे



बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम १९२९ साली मंजूर झाला. हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १ एप्रिल १९३० रोजी अमलात आला, तेव्हा मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविण्यात आले होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ते पंधरा झाले आणि १९७८ च्या दुरुस्तीने मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस ही मर्यादा आली. पुढे २००६ साली जुना कायदा रद्द होऊन बालविवाह प्रतिबंध अधिनियम संमत झाला व १ नोव्हेंबर २००७ पासून तो लागू आहे. याचा अर्थ असा की, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत येऊन आता शतक पुरे होत आले आहे.

या काळात काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी ज्यांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता, त्यांचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये ४७ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये २७ टक्क्यांवर आणि २०१९-२१ मध्ये २३ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात शेवटच्या दोन सर्वेक्षणांत ते २६ वरून २२ टक्क्यांवर उतरले. परंतु राज्याची सरासरी ही गावाची स्थिती नव्हे. याच सर्वेक्षणात परभणी जिल्ह्याचे प्रमाण ४८ टक्के व बीडचे जवळजवळ ४४ टक्के आढळले. ज्या राज्यात मुलींची शाळा १८४८ साली पुण्यात महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी सुरू केली, त्याच राज्यातील एका जिल्ह्यात जवळजवळ निम्म्या मुली सज्ञान होण्यापूर्वीच सासरी जातात, ही गोष्ट प्रत्येकाला विचार करावयास लावणारी आहे.

हे असे का घडते आणि ते थांबविण्याची खरी जागा कोणती, एवढ्याच दोन प्रश्नांचा विचार आज येथे करावयाचा आहे.

इतिहासाचा धडा

या प्रश्नाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. बडोदे संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ साली, म्हणजे सारडा कायद्याच्या पंचवीस वर्षे आधी, बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला व मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा वर्षांची मर्यादा घातली. मात्र केवळ कायदा करून ते थांबले नाहीत. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. विवाहाचे वय वाढवावयाचे तर मधली वर्षे मुलीने कोठे घालवावयाची, या प्रश्नाचे उत्तर राज्यकर्त्याने दिले पाहिजे, हे या दोन निर्णयांच्या जोडीतून दिसून येते.

दुसरे उदाहरण डॉ. रखमाबाई यांचे. त्यांचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. त्या सासरी न जाता माहेरीच राहिल्या, शिकल्या आणि पुढे पतीने नांदावयास येण्यासाठी दावा लावला तेव्हा त्यांनी त्यास नकार दिला. १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून बालविवाहाचे दुष्परिणाम जगापुढे मांडले. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पतीकडे जावे अथवा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला असता त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन हे प्रकरण मिटले. पुढे लंडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

रखमाबाईंच्या धैर्याचा गौरव नेहमीच होतो. पण त्या धैर्यामागे काय होते, हेही पाहिले पाहिजे. त्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांच्या बाजूने उभे राहणारे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन घरात होते आणि आपले म्हणणे मांडण्यासाठी एक व्यासपीठ त्यांच्याजवळ होते. अक्षर, घरातील एक आधार व बोलण्याची एक जागा या तीन गोष्टी असल्या, तरच मुलीच्या नकाराला वजन येते. आज चौदा वर्षांच्या मुलीकडून ‘तू नाही का म्हणाली नाहीस?’ अशी अपेक्षा करणाऱ्यांनी यांपैकी किती गोष्टी गावाने तिला दिल्या आहेत, याचा प्रथम विचार करावा.

पालकांचा हिशेब

आपल्या मुलीचे वाईट व्हावे, असे कोणत्याही आईबापास वाटत नाही. तरीही ते तिचे लग्न लवकर उरकतात. त्यामागे त्यांचा एक हिशेब असतो आणि तो हिशेब समजून घेतल्याखेरीज त्यांची समजूत घालता येत नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्यावे. दसरा-दिवाळीनंतर बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीसाठी जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तोडीचे काम जोडीने चालते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून मिळणारी उचलही कोयत्यावर ठरते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. साहजिकच घरातील मुलाचे लग्न झाले की एक नवा कोयता उभा राहतो आणि त्याची उचल हाती येते. इकडे मुलीच्या आईबापापुढे वेगळा पेच असतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावे, तर कोपीवर स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची राखण यांत तिची शाळा सुटते. फडावर, अनोळखी मुलुखात तिच्या अब्रूची काळजी वाटते ती निराळीच. गावी ठेवावे, तर घरात थकलेली आजी एकटीच. या दोन काळज्यांतून सुटण्याचा तिसरा मार्ग म्हणून लग्न पुढे येते.

ऊसतोड नसलेल्या गावांतही कारणे फारशी निराळी नाहीत. गावातील शाळा सातवीपर्यंत असते आणि हायस्कूल चार-सहा किलोमीटरांवर. एस.टी. वेळेवर येत नाही, रस्ता सुनसान असतो, शाळेतील स्वच्छतागृहाला कधी पाणी नसते तर कधी कडी. मुलीचे वय आणि शिक्षण वाढले की तिच्याहून अधिक शिकलेला मुलगा पाहावा लागतो व त्याबरोबर हुंडाही वाढतो. थोरलीच्या मांडवातच धाकटीचे उरकले, तर एका खर्चात दोन लग्ने होतात. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि थोडक्या माणसांत, थोडक्या खर्चात लग्ने उरकण्याची सोय झाली, तेव्हा हा हिशेब किती पक्का आहे याचा प्रत्यय अनेक गावांना आला.

या हिशेबात एक मोठी चूक आहे. त्यात मुलीच्या शरीराची आणि आयुष्याची किंमत धरलेली नसते. सर्वेक्षणाप्रमाणे देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगी रक्त कमी आहे. ज्या शरीराची स्वतःची वाढ पुरी झालेली नाही, त्यावर गर्भारपणाचा भार आला की आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका पोहोचतो व मूल कमी वजनाचे जन्मण्याची भीती वाढते. शिक्षण तुटलेले, हातात कसब नाही आणि घरात बोलण्याचा अधिकार नाही, अशा अवस्थेत त्या मुलीचे पुढचे आयुष्य जाते. लग्नाने वाचलेला खर्च तीच मुलगी पुढे जन्मभर फेडत राहते.

कायद्याचे हात आणि त्याची मर्यादा

प्रचलित कायद्याच्या काही तरतुदी उपस्थित सर्वांच्या ध्यानी असणे अगत्याचे आहे. बालवधूशी विवाह करणारा सज्ञान पुरुष, विवाह लावणारा व त्यास साहाय्य करणारा, तसेच विवाहास प्रोत्साहन अथवा परवानगी देणारे पालक, या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र स्त्रियांना कारावासाची शिक्षा देता येत नाही. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. विवाह होऊ घातला असल्याची खबर मिळताच न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम घेता येतो आणि तो मोडून लावलेला विवाह मुळातच रद्दबातल ठरतो. इतर बालविवाह सामान्यतः आपोआप रद्द होत नाहीत. परंतु अज्ञान असताना ज्याचा विवाह झाला त्या व्यक्तीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा न्यायालयात अर्ज करून तो रद्द करवून घेता येतो. ही शेवटची तरतूद फारच थोड्या मुलींना ठाऊक असते.

महाराष्ट्रात ग्रामीण भागात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असून अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात. विवाहनोंदणीचे कामही गावात ग्रामसेवकांकडेच असते. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. १०९८ या क्रमांकावर कोणालाही, अगदी त्या मुलीलाही, दूरध्वनी करता येतो.

एवढी योजना असूनही कायद्याला एक मर्यादा पडते. तो बहुधा मांडवात पोहोचतो. हळद लागलेली असते, पाहुणे जमलेले असतात, उसनवारी झालेली असते. अशा वेळी लग्न थांबविले की पालकांकडून हमीपत्र घेतले जाते आणि अधिकारी परततात. पुढे मुलीला मामाच्या गावी नेऊन पहाटेच्या मुहूर्तावर लग्न उरकल्याची उदाहरणे कार्यकर्ते सांगतात. थांबविलेल्या लग्नाची नोंद कागदावर राहते. मुलीचे काय झाले, याची नोंद कोठेच नसते.

आणखी एक नाजूक बाब आहे. अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे आणि बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यान्वये अशा प्रकरणाची खबर देणे बंधनकारक आहे. हे संरक्षण योग्यच होय. पण त्याच्या भीतीने कुटुंबे गरोदर अल्पवयीन मुलीला दवाखान्यात आणण्याचेच टाळू लागली, तर कायद्याने जिचे रक्षण करावयाचे तिचाच जीव धोक्यात येईल. म्हणून आरोग्य केंद्राच्या दारात आलेल्या अशा मुलीला प्रथम उपचार व धीर मिळाला पाहिजे. कायदेशीर कार्यवाही नियमाप्रमाणे होईलच. तिचे वय ऐकून तिला माघारी पाठविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पाचोडचा प्रयोग

मांडवाच्या आधी काम करता येते काय, या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्यातच मिळाले आहे. पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत बारा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले. वर्ग सायंकाळी एक तास आणि वर्षभर चालत. शिकविणाऱ्या स्त्रिया त्याच गावातील असत. आरोग्य, आहार, कायदा, घरातील व गावातील व्यवहार असे विषय त्यांत होते. गावच्या समित्या या वर्गांवर लक्ष ठेवीत.

त्याचा परिणाम मोजण्यात आला. १९९७ ते २००१ या काळात प्रयोगक्षेत्रात विवाहाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले आणि अठरा वर्षांपूर्वी होणाऱ्या विवाहांचे प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आले. एक वर्षाची ही वाढ ऐकण्यास लहान वाटते. तथापि सोळा व सतरा यांमध्ये दहावीचा निकाल आणि अकरावीचा प्रवेश येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. येथे कोणाला पकडले नव्हते किंवा दंड केला नव्हता. मुली रोज एकत्र येत होत्या, त्यांचे बोलणे कोणीतरी ऐकत होते आणि आपल्या मुली काही शिकत आहेत, हे आईबाप पाहत होते. रखमाबाईंना लाभलेल्या तीन गोष्टींपैकी बोलण्याची जागा या वर्गांनी थोड्या प्रमाणात गावातच निर्माण केली.

पहिली खूण हजेरीपटात

बालविवाह रोखण्याची खरी जागा सातवी ते बारावी या पाच वर्षांत आहे. लग्नाची पहिली खूण लग्नपत्रिकेत उमटत नाही; ती शाळेच्या हजेरीपटात उमटते. नियमित येणारी मुलगी आठ दिवस येत नाही, सातवीनंतर आठवीत तिचे नाव दाखल होत नाही, किंवा वर्षाच्या मध्येच पालक शाळा सोडल्याचा दाखला मागतात, या तीन गोष्टी घडल्या की विचारपूस झालीच पाहिजे. आज शाळेला गळती दिसते, अंगणवाडीला किशोरवयीन मुलींची यादी ठाऊक असते, ग्रामपंचायतीकडे जन्मनोंद व विवाहनोंद असते आणि आशा कार्यकर्तीला घराघरांतील बातमी असते. प्रत्येकाजवळ माहितीचा एकेक तुकडा आहे. हे तुकडे महिन्यातून एकदा एका टेबलावर एकत्र आले, तर कोणती मुलगी कोणत्या वाटेवर आहे हे बहुतेक वेळा चार-सहा महिने आधीच कळू शकेल. ग्राम बाल संरक्षण समितीचे हेच मुख्य काम समजावे.

विचारपूस मात्र धमकीची नसावी. शिक्षिकेने व सेविकेने घरी जाऊन अडचण विचारावी आणि शक्य तेथे तिच्यावरील उपाय सांगूनच परतावे. अडचण अंतराची असेल, तर पाचवी ते बारावीच्या ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी बसगाड्यांची व सायकलींची तरतूद आहे. बस शाळेच्या वेळेस येत नसेल, तर आगारप्रमुखाकडे ग्रामपंचायतीने ठराव पाठवावा. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा त्याला अधिक वजन असते. अडचण स्थलांतराची असेल, तर गावातच मुलांना ठेवणारी हंगामी वसतिगृहे व ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गाड्या भरून निघाल्यावर पाठवून उपयोग नाही. तो दसऱ्यापूर्वी मंजूर झाला पाहिजे. अडचण पुढील शिक्षणाच्या खर्चाची असेल, तर आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे, ही गोष्ट पालकांना बारावीत कळून फायदा नाही. ती सातवीतच कळावी.

लेक लाडकी योजनेत मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण एक लाख एक हजार रुपये मिळतात. ही योजना स्वागतार्ह आहे. परंतु ती १ एप्रिल २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. त्यांतील पहिली मुलगी अठरा वर्षांची होईल ती २०४१ साली. आज सातवीत बसलेल्या मुलीला तिचा लाभ नाही. तिच्यासाठी गावाची दक्षता हीच योजना होय.

मुलांच्या घरांकडेही लक्ष द्यावयास हवे. पंधरा वर्षांची सून आणणाऱ्या घरालाही हा कायदा तितकाच लागू आहे. मंडपवाले, आचारी, वाजंत्रीवाले, पत्रिका छापणारे आणि विवाह लावणारे पुरोहित किंवा काझी यांना ग्रामपंचायतीने वर्षाच्या आरंभी लेखी कळवावे की, वधू-वरांच्या वयाचा दाखला पाहिल्याविना काम स्वीकारू नये. विवाह लावणारा व साहाय्य करणारा कायद्याने दोषी ठरतो, एवढे त्यांना समजले तरी पुष्कळ लग्नांना आपोआप आळा बसेल.

ज्यांची लग्ने होऊन गेली, त्या मुलींना गावाने विसरू नये. त्यांना शाळेत परत घेण्यास कोणी हरकत घेऊ नये. शाळेत येणे शक्यच नसेल, तर सतरा नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. तो अर्ज भरून देण्याचे काम एखाद्या शिक्षकाने अंगावर घेतले, तर एका मुलीची तुटलेली वाट पुन्हा जुळेल. तसेच थांबविलेल्या प्रत्येक लग्नानंतर त्या मुलीच्या घरी दर महिन्यास कोणीतरी जावे आणि हे जाणे ती अठरा वर्षांची होईपर्यंत चालू राहावे.

अखेरीस एक छोटी सूचना. प्रत्येक ग्रामपंचायतीने दरवर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोनच आकडे वाचून दाखवावेत. पाच वर्षांपूर्वी या गावातील सातवीत किती मुली होत्या, आणि त्यांपैकी आज किती मुली बारावीत किंवा अन्य शिक्षणात आहेत. नावे वाचू नयेत, कारण मुलींची अब्रू जपावयाची आहे. आकडे मात्र मोठ्याने वाचावेत. रस्ता किती झाला, नळ किती बसले, याचा हिशेब ग्रामसभा मागते. त्याच सभेत वीस मुलींपैकी नऊच उरल्या असे ऐकू आले, तर उरलेल्या अकरा कोठे गेल्या, असे कोणीतरी उठून विचारील. तो प्रश्न ज्या गावात विचारला जाईल, तेथे पुढच्या वर्षीचा आकडा वाढविण्यासाठी शिक्षक, सेविका व सरपंच यांना एकत्र बसावेच लागेल.